रसमड्यातले नाम साहेब

कारखान्याच्या कागदांवर माझ्या नावापुढे जन्मभर 'खलाशी' असं लिहिलेलं होतं. भंडाऱ्याकडच्या आमच्या नातेवाइकांना वाटायचं, मेश्रामांचा हा पोरगा जहाजावर आहे. माझ्या लग्नाच्या बोलणीत एका आत्याने मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं की मुलगा सहा-सहा महिने पाण्यावर असतो. शांताच्या वडिलांनी ते ऐकून दोन बैठका लांबवल्या. समुद्र मी पाहिला तो रिटायर झाल्यावर, सुजाताने, आमच्या मुलीने, पुरीला नेलं तेव्हा.

पोलाद कारखान्यातला खलाशी म्हणजे जड वस्तू उचलणारा, सरकवणारा आणि ठरलेल्या जागी अलगद ठेवणारा माणूस. वीस टनाची मोटर असो की पोलाद लाटणारा साठ टनाचा रोल, त्याला तारेचा दोर कुठे बांधायचा, त्याचा तोल कुठे आहे, उचलल्यावर तो कोणत्या बाजूला झुकेल, हे खलाशाने नुसतं पाहून सांगायचं. इंजिनिअर लोक कागदावर तोल काढतात. आम्ही वस्तूभोवती दोन चकरा मारतो, एक विडी ओढतो, आणि सांगतो. बहुतेक वेळा दोघांचं उत्तर एकच येतं. नाही आलं, तर आमचं धरतात.

या धंद्यात भाषा कमी लागते. क्रेनवाला उंच केबिनमध्ये असतो, खाली आवाजाचा कल्लोळ असतो, म्हणून खलाशी हाताने बोलतो. बोट वर करून फिरवलं की उचल, हात खाली हलवला की उतर, मूठ बांधली की आहे तिथे धर. क्रेनवाला एकाच माणसाचा इशारा घेतो, कारण दहा जणांचे हात पाहत बसला तर माल कुणाच्या तरी डोक्यावर उतरेल. याला अपवाद एक. दोन्ही हात आडवे पसरून थांबवण्याचा इशारा कोणीही देऊ शकतो. झाडू मारणाऱ्याने दिला तरी क्रेनवाल्याने आधी थांबायचं आणि मग कारण विचारायचं. हा नियम मला माझ्या उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवला होता. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, त्यामुळे नियम लगेच पटला.

छत्तीस वर्षं भिलाईच्या प्लांटमध्ये अशी उचलाउचल करून मी रिटायर झालो. कॅम्प-1 वस्तीत छोटं घर बांधलं होतं, तिथे आलो. तीन महिने घरात बसलो. चौथ्या महिन्यात शांता म्हणाली, "तुमी कपाट इकडचं तिकडं करून राहिले, दिवान तिकडचा इकडं करून राहिले. माह्या घराले प्लांट समजता का? बाहेर काम पाहा बापा एखांदं." जवळच रसमड्याला एक खासगी रोलिंग मिल उभी राहत होती. तिथे खलाशांच्या टोळीवर सुपरवायझर म्हणून मी लागलो. कोरियातून खोक्यांमध्ये भरून मशिनरी आली होती, आणि ती उभी करून द्यायला कोरियन कंपनीचा एक माणूस येणार होता.

तो माणूस आला तेव्हा गेटवरच तमाशा झाला. गार्डने रजिस्टर उघडून विचारलं, "नाम?"

पाहुणे म्हणाले, "नाम."

"हाँ साहब, नाम बताइए, नाम."

"येस. नाम."

गार्डला वाटलं, साहेब आपली नक्कल करतोय. मी धावत गेलो, त्यांच्या छातीवरची पट्टी वाचली आणि समजावलं की यांचं आडनावच नाम आहे. गार्डने रजिस्टरमध्ये लिहिलं, 'नाम: नाम'. पुढचे आठ महिने ते आमचे नाम साहेब होते.

वय पन्नासच्या आसपास. बुटके, रुंद खांद्यांचे, हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. म्हणजे नुसते फाइलवाले साहेब नव्हते, हे मी पहिल्या मिनिटात ओळखलं. पण सगळ्यांच्या डोळ्यांत भरायचे ते त्यांचे केस. मानेखाली रुळणारे, करडे, मागे रबर लावून बांधलेले. हेल्मेट काढलं की साइटवरच्या रेजा, म्हणजे मातीकाम करणाऱ्या मजूर बाया, पदर तोंडाला लावून हसायच्या. मी एकदा खुणेने विचारलं, हे काय? त्यांनी हातानेच कात्री चालवल्याची खूण केली, जोरात मान हलवली आणि म्हणाले, "नो मोअर." मला काही समजलं नाही.

आमची भाषा म्हणजे माझं प्लांटमधलं इंग्रजी, त्यांचं कोरियन वळणाचं इंग्रजी, आठवड्याभरात उचललेलं 'धीरे-धीरे' आणि 'बस-बस', आणि उरलेलं सगळं हाताने. जेवायला ते माझ्याजवळ येऊन बसत. त्यांच्या डब्यात आंबवलेल्या कोबीचं लालभडक लोणचं असायचं. मी ते घरी नेलं तर शांताने वास घेऊन डबा अंगणात ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने उत्तर म्हणून लाल मिरचीचा ठेचा पाठवला. नाम साहेबांनी तो चमच्याने खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि रिकामा डबा दोन्ही हातांनी मला परत दिला.

अशा माणसाला मी दुखावलं.

एका दुपारची गोष्ट. शेडच्या सावलीत जेवत होतो. वर्तमानपत्रात कुठल्यातरी घोटाळ्याची बातमी होती आणि ती वाचून मी तापलो होतो. आपल्याकडे चहाच्या टपरीवर रोज जे बोललं जातं, तेच मी मोठ्या ज्ञानाच्या थाटात बोललो. "साहब, इंडिया में दस साल मिलिटरी राज चाहिए. सब सीधा हो जाएगा. कोरिया देखो. मिलिटरी कम, डिसिप्लिन कम, प्रोग्रेस कम." 'कम' म्हणजे इथे 'आली' असं वाचावं. मला वाटलं, मी त्यांच्या देशाची स्तुती करतोय.

नाम साहेबांनी चमचा खाली ठेवला. डब्याला झाकण लावलं आणि उठून गेले. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी फक्त बोल्ट आणि वॉशरबद्दल बोलले.

घरी मी गप्प बसलेला पाहून शांताने विचारलं, "काय झालं? तोंड कावून पाडून बसले?"

मी घडलं ते सांगितलं. तिने कणीक मळायची थांबवली.

"तुमी असं बोलले? भिंतीवर कोनाचा फोटो हाये? बुद्धाच्या बाजूले कोनतं पुस्तक ठेवलं हाये?"

"अवं, देशाच्या भल्यासाठी बोललो मी."

"मिलिटरी सगळ्यायले सरळ करते म्हने! गावात आपल्याले सरळ करनारे कमी होते का? तुमचा बाप इकडे हौशीनं आला होता का?"

माझा बाप भंडाऱ्याजवळचं गाव सोडून भिलाईला आला, तो इथे भट्टी पेटत होती आणि भट्टीपुढे कुणी जात विचारत नव्हतं म्हणून. शांताने पुन्हा कणकेत हात घातला. त्या रात्री पोळ्या जरा जाड आल्या.

त्यानंतर साधारण पंधरा दिवसांनी मोठी उचल होती. मिलचं हाउसिंग, म्हणजे ज्या चौकटीत रोल बसतात ती अखंड लोखंडी चौकट, पायावर ठेवायची होती. वजन अडतीस टन, उंची दोन माणसांहून जास्त. उद्घाटनासाठी कुणी बडे पाहुणे यायचे होते, त्यांची तारीख ठरलेली होती, आणि साइट मॅनेजर सकाळपासून घड्याळ पाहत होते. क्रेनने चारही पाय पसरून लाकडी स्लीपरांवर, म्हणजे जाड ओंडक्यांवर, टेकवले. मी दोर बांधले, दोन चकरा मारल्या, खूण दिली. चौकट जमिनीपासून हातभर वर आली. मी बोट फिरवत होतो, क्रेनवाला हळूहळू उचलत होता.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं. फुलेश्वरी. रसमड्याजवळच्याच गावातली रेजा, तिशीतली, बोलणं कमी. नव्या पायाच्या काँक्रीटवर रोज तीन वेळा पाइपने पाणी मारायचं काम तिचं होतं. तिने पाइप टाकला, धावत क्रेनसमोर आली आणि दोन्ही हात आडवे पसरून उभी राहिली. क्रेनवाला जागेवर थांबला.

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मी चिडलो. "फुलेश्वरी, हट वहाँ से!"

"कका, माटी धँसत हे!" ती क्रेनच्या मागच्या पायाकडे बोट दाखवून म्हणाली. "ए कोती देख!"

मी पाहिलं. मागच्या पायाखालच्या स्लीपरचं एक टोक चार बोटं जमिनीत गेलं होतं. आणखी मीटरभर उचललं असतं तर क्रेन त्या बाजूला बसली असती, आणि चौकट दोर धरून उभ्या असलेल्या माझ्या चार माणसांवर गेली असती. मी खूण करून माल खाली घेतला.

ती अजून सांगतच होती. "मैं इहाँ रोज पानी डारथँव. ए जघा पानी ठहरे नई, सब भीतरी चल देथे." त्या जागी वाहून आलेलं पाणी साचत नाही, आत मुरतं, हे तिला रोज दिसत होतं. आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं.

मॅनेजर तावातावाने आले. "क्या हुआ? दो स्लीपर और डालो और उठाओ! अब रेजा लोग क्रेन चलाएँगे? इसको गेट के बाहर करो."

नाम साहेब पलीकडून चालत आले. गुडघे टेकून त्यांनी तो स्लीपर पाहिला, हाताने माती दाबली. मग उठले, हेल्मेट काढलं आणि फुलेश्वरीसमोर कमरेत वाकले. चांगले खोल वाकले. त्यांचे केस पुढे आले. फुलेश्वरीला काय करावं कळेना, तिने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

मग ते मॅनेजरकडे वळले. "टुडे नो लिफ्ट. शी करेक्ट. क्रेनमॅन करेक्ट. फर्स्ट डिग."

खणल्यावर हातभर खाली जुन्या केबलची नाली निघाली. वर माती लोटून तिच्यावरच्या फरशा तशाच ठेवल्या होत्या, आणि त्या तुटल्या होत्या. आत पोकळ. भरून, दाबून घ्यायला चार दिवस गेले. उद्घाटन पुढे ढकललं. पाहुण्यांनी नंतर येऊन फीत कापली, लाडू खाल्ले, आणि उद्घाटन का लांबलं होतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

चौकट पायावर बसली त्या संध्याकाळी नाम साहेब मला म्हणाले, "मेश्राम, टुडे आय कम युवर होम."

शांताने पाटोडीचा रस्सा केला. नाम साहेब उंबऱ्यात बूट काढून आत आले, आणि समोरची बुद्धमूर्ती पाहून थबकले. त्यांनी तीनदा वाकून नमस्कार केला. त्यांची आई डोंगरातल्या विहारात जायची, म्हणाले. मग भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्या फोटोकडे पाहून विचारलं, "ग्रँडफादर?"

सुजाता तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने आईला अर्थ सांगितला. शांता म्हणाली, "हो म्हन. आमच्या सगळ्यायचे."

जेवता-जेवता ते सुजाताला म्हणाले, तुझ्या वडिलांना मला एक सांगायचं आहे, तू सांग. ते थांबत-थांबत इंग्रजीत बोलले आणि सुजाता आम्हाला मराठीत सांगत गेली.

त्यांच्या लहानपणापासून देशावर लष्करातले सेनापती राज्य करत होते. शाळेचे हेडमास्तर, कारखान्याचे मॅनेजर, बँकेचे अधिकारी, जिकडेतिकडे फौजेतून आलेली माणसं. एक हुकूमशहा मारला गेला, लोकांना वाटलं आता निवडणुका होतील, तर दुसऱ्या सेनापतीने रणगाडे आणून सत्ता घेतली. त्या वेळी नाम साहेब एकवीस वर्षांचे होते, सक्तीच्या भरतीतले साधे शिपाई. ऐंशी साल, मे महिना. दक्षिणेतल्या ग्वांगजू शहरात विद्यार्थी रस्त्यावर आले. त्यांच्यावर छत्रीधारी सैनिक सोडले गेले, त्यांनी पोरांना काठ्यांनी, संगिनींनी मारलं, मग गोळ्या घातल्या. शहर खवळलं, लोकांनीही बंदुका मिळवल्या, आणि लष्कराने बाहेर येऊन शहराला वेढा घातला. फोन तोडले, रस्ते बंद केले. त्या वेढ्यातल्या एका नाक्यावर नाम साहेबांची ड्यूटी होती. त्यांना सांगितलं होतं की आत कम्युनिस्टांचं बंड आहे. कुणी आत जाता कामा नये, कुणी बाहेर येता कामा नये.

"देअर वॉज ओल्ड मॅन," ते म्हणाले.

सकाळी एक म्हातारा चालत आला. पाठीवर कापडात बांधलेलं गाठोडं. त्याची मुलगी शहरातल्या इस्पितळात नर्सचं काम शिकत होती, तिला पाहायला जायचं होतं. गाठोड्यात तिच्यासाठी भाकऱ्या होत्या. सुजाता इथे अडली, म्हणाली, भाकरी नसेल, भाताचं काहीतरी. नाम साहेबांनी त्याला मागे जा म्हटलं. म्हातारा हलला नाही. तो त्यांच्याशी बोलत राहिला, आणि ती बोली नाम साहेबांच्या आईची होती. आईचं माहेर त्याच शहराजवळचं. शाळेत ती बोली बोलल्यावर मुलं हसायची, म्हणून नाम साहेब ती फक्त घरात बोलायचे. तो म्हातारा त्या बोलीत म्हणाला, 'बाळा, जाऊ दे मला, मी लगेच परत येतो.'

मागून सार्जंट ओरडला. नाम साहेबांनी रायफल उलटी केली आणि दस्ता म्हाताऱ्याच्या तोंडावर मारला.

शांताने हातातलं ताट खाली ठेवलं.

"ते पडले का?" शांताने विचारलं.

पडला. मग उठला. दात पडले होते ते त्याने हातात घेतले, गाठोडं घेतलं, आणि आल्या वाटेने गेला. त्याने शिवी दिली नाही. मुलगी सापडली की नाही, म्हातारा जगला की नाही, नाम साहेबांना माहीत नाही. पाच दिवसांनी रणगाडे शहरात शिरले. सुटीवर घरी गेल्यावर आईने विचारलं, तू कुठे होतास? ते म्हणाले, उत्तरेच्या सीमेवर होतो. आई मरेपर्यंत तेच खरं समजत राहिली. बायकोला, मुलाला, कुणालाच त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं.

फौजेतून सुटल्यावर ते जहाजांच्या कारखान्यात लागले. तिथेही बराकच. गेटवर गार्ड कात्री घेऊन उभा असायचा, केस कानाला लागले की तिथेच कापायचा. सत्त्याऐंशी साली कामगारांनी संप केला, तेव्हा मागण्यांच्या कागदावर पगाराच्या बरोबरीने एक मागणी होती, केस आमचे आम्ही ठेवू. ती मान्य झाल्यापासून नाम साहेबांनी कात्री फार जवळ येऊ दिली नाही.

मग ते माझ्याकडे वळले आणि सुजाताकडे न पाहता, थेट मलाच बोलले. "मेश्राम, यू से डिसिप्लिन. दॅट डे, व्हेरी गुड डिसिप्लिन. दोनशे सोल्जर. नोबडी से स्टॉप." दोनशे त्यांनी बोटांनी दाखवलं. "नो फुलेश्वरी."

मी म्हणालो, "साहेब, माझं चुकलं." मराठीतच म्हणालो. सुजाताला ते भाषांतर करावं लागलं नाही.

शांताने त्यांच्या वाटीत आणखी रस्सा वाढला. "खावा," ती म्हणाली. "तुमी पोरगेच होते तवा." ते खाली मान घालून जेवले.

इथपर्यंत मी चांगला दिसतो. पुढचं लिहायला मला वेळ लागला.

मिल सुरू झाली, नाम साहेब गेले. जाताना साइटवरच्या प्रत्येकाला त्यांनी काही ना काही दिलं. फुलेश्वरीला स्वतःचा स्टीलचा थर्मास दिला. ते गेल्यावर आठव्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. "मेश्रामजी, वो रेजा कल से नहीं चाहिए. आप ही बोल देना." मला कारण माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. मी खलाशांचा सुपरवायझर, माझा शब्द तिथे चालत होता. मी भांडलो असतो तर फार तर मलाही जा म्हटले असते, आणि मी काही त्या नोकरीवर जगत नव्हतो. पण मी "जी सर" म्हणालो. बाहेर येऊन फुलेश्वरीला सांगितलं, काम कमी झालं आहे, गरज लागली की बोलावू. तिने पाइप गुंडाळून ठेवला, थर्मास काखेत घेतला आणि गेली. काम कमी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई होती.

नाम साहेब दर वर्षी बुद्धपौर्णिमेला फोन करायचे. आधी साधा, मग व्हिडिओवर. शांताला नमस्कार करायचे, ठेच्याची आठवण काढायचे, आणि न चुकता विचारायचे, "फुलेश्वरी ओके?"

मी म्हणायचो, "ओके, ओके."

चौदा वर्षं मी ओके म्हणत राहिलो.

मागच्या थंडीतली गोष्ट. संध्याकाळी टीव्हीवर बातम्या चालू होत्या. एकदम कोरियाचं चित्र आलं. तिथल्या राष्ट्राध्यक्षाने मार्शल लॉ लावला होता, हेल्मेट घातलेले सैनिक संसदेच्या अंगणात हेलिकॉप्टरमधून उतरत होते, आणि साधी माणसं, जाड कोट घातलेली, त्यांच्यासमोर उभी होती. शांता म्हणाली, "नाम साहेबाले फोन लावा." मी लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला, तर पलीकडे नुसता गलका. "मेश्राम, आय ॲम हिअर. सन ऑल्सो. लेटर, लेटर." आणि फोन बंद.

आम्ही दोघं टीव्हीसमोरून उठलो नाही. कुठला देश, कुठली संसद, पण शांता अशी बसली होती जशी ती सुजाताच्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकावर बसली होती. मग बातमी आली की तिथल्या खासदारांनी आत शिरून मतदान केलं आणि तो हुकूम उडवला. सैनिक मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाम साहेबांचा फोन आला. चेहरा थकलेला, आवाज बसलेला. केस आता पांढरे शुभ्र. सुजाता आमच्याकडेच होती, ती मराठीत सांगत गेली. बातमी ऐकताच ते घरातून निघाले होते. मुलगा म्हणाला, पप्पा, तुमचे गुडघे दुखतात, कुठे जाता? ते थांबले नाहीत, म्हणून तोही मागे आला. संसदेच्या फाटकाशी गर्दीत ते एका सैनिकासमोर उभे होते. वीस-बावीसचा पोरगा. नाम साहेब जागचे हलले नाहीत. परत जाताना त्या पोराने मान झुकवली आणि माफ करा म्हणाला.

सकाळच्या पहिल्या गाडीने बाप-लेक घरी निघाले. गाडीत नाम साहेबांनी मुलाला सगळं सांगितलं. नाका, म्हातारा, रायफलचा दस्ता, आईशी बोललेलं खोटं, सगळं.

"मग पोरगा काय बोलला?" शांताने विचारलं.

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. त्यांचं स्टेशन आलं, उतरले, जिना चढायचा होता. मुलाने त्यांच्या काखेत हात घातला, आणि घरापर्यंत काढला नाही.

नाम साहेब हसले, डोळे पुसले, आणि म्हणाले, "फुलेश्वरी ओके?"

मी त्या दिवशी ओके म्हणू शकलो नाही. "पाहून सांगतो," म्हणालो.

चार दिवसांनी सुजाताच्या स्कूटरवर मागे बसून मी रसमड्याच्या पलीकडच्या त्या गावात गेलो. विचारत-विचारत घर सापडलं. फुलेश्वरी अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. केस पांढरे झाले होते. मला पाहून तिने खाट सरकवली, पाणी आणलं. मी पाणी हातात धरून तसाच बोलायला लागलो, कारण प्यायलो असतो तर पुन्हा धीर झाला नसता. म्हणालो, तेव्हा काम कमी झालं नव्हतं. मॅनेजरने तुला काढायला सांगितलं, आणि मी खोटं बोललो.

"मोला पता रहिस, कका," ती म्हणाली. सूप हातात तसंच. "काम तो होवत रहिस. मैं बाहिर ले देखत रहेंव." तिला तेव्हाच माहीत होतं. ती कितीतरी दिवस रस्त्यावरून जाता-येता मिल चालू असलेली पाहत होती. "तैं कुछु नई बोले. मोला ओकरे दुख लागिस."

मॅनेजरचं तिला काही वाटलं नव्हतं. मी तेव्हा तोंड उघडलं नाही, त्याचं वाटलं होतं. सुजाता अंगणाबाहेर स्कूटरजवळ उभी होती, पण तिने सगळं ऐकलं असणार.

सूप बाजूला ठेवून फुलेश्वरीने विचारलं, "कोरिया वाले साहब ला बताए हस?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांना दर वर्षी खोटंच सांगतो."

"त बता दे," ती म्हणाली. "अभी बता."

मी फोन काढला. नाम साहेबांनी लगेच उचलला. मी त्यांना माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, सुजाताला मदतीला बोलावलं नाही. मॅनेजर म्हणाला, मी जी सर म्हणालो, फुलेश्वरी आउट, आय टेल लाय, फोर्टीन इयर. ते ऐकत राहिले. माझं संपलं तरी काही बोलले नाहीत. मला वाटलं, पुन्हा डब्याला झाकण लागलं.

मग ते म्हणाले, "गिव्ह फोन. फुलेश्वरी."

मी फोन तिच्या हातात दिला. पडद्यावरचा चेहरा पाहून ती ओळखीचं हसली आणि तिने पदर डोक्यावर घेतला. मी उठून अंगणाबाहेर सुजाताजवळ जाऊन उभा राहिलो. ते दोघं कोणत्या भाषेत बोलले आणि काय बोलले, मला माहीत नाही. पण बराच वेळ बोलत होते.